जुना पार्ट ऑनलाइन घेताय? पैसे परत मिळण्याची सोय ऑर्डर देण्याआधी करा

माझा ऑल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट) घरी आला तेव्हा त्यात काहीच वावगे दिसत नव्हते. फोटोतलाच नग, तोच नंबर, पुली हाताने सहज फिरत होती. मेकॅनिकला वेळ नव्हता, मलाही घाई नव्हती, म्हणून खोका तसाच माळ्यावर राहिला. सहाव्या आठवड्यात पार्ट गाडीत बसला आणि चार्जिंग होईना. विक्रेत्याला लिहिले तर त्याने साइटच्या नियमाकडे बोट दाखवले. तक्रारीची मुदत डिलिव्हरीपासून ३० दिवसांची होती आणि ती उलटली होती. पैसे थेट बँकेतून पाठवले होते, त्यामुळे दुसरी दाद मागायला जागा नव्हती. पार्टचे पैसे गेले आणि बसवण्या-काढण्याची मजुरी दोनदा द्यावी लागली.

त्या विक्रेत्याने मला मुद्दाम फसवले असे मी आजही म्हणत नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. माझी चूक वेगळीच होती. ‘बायर प्रोटेक्शन’ हा शब्द साइटवर दिसला आणि मी निर्धास्त झालो. हे संरक्षण कशाचे असते हे वाचायची तसदी मी घेतली नव्हती.

तुमची गाडी चालू झाली की नाही याच्याशी खरेदीदार संरक्षणाला कर्तव्य नसते. तिथे दोन गोष्टी तपासतात. वस्तू पोहोचली का, आणि पोहोचलेली वस्तू विक्रेत्याने केलेल्या वर्णनाशी जुळते का. जुन्या पार्टचा घोळ इथेच होतो. त्याची खोट खोका उघडल्यावर दिसत नाही, गाडीत बसवल्यावर दिसते. मुदतीचे दिवस मात्र खोका दारात आल्यापासून मोजले जातात, काही ठिकाणी तर पैसे दिल्यापासून. खाली सांगितलेल्या बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत: तुम्हाला हवे ते सगळे विक्रेत्याच्या वर्णनात लेखी उतरवून घेणे, आणि पार्टची परीक्षा मुदतीच्या आत उरकणे.

पायरी १: तुमच्या मागे कोण उभे आहे ते आधी पाहा

दाद मागायच्या जागा साधारण तीन असतात: विक्रीची साइट, पैसे पोहोचवणारी सेवा आणि तुमच्या कार्डाची बँक. तिघांचे नियम वेगळे आणि मुदतीही वेगळ्या.

उदाहरणार्थ, ईबे या विक्रीच्या साइटची मनी बॅक गॅरंटी पाहा. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर डिलिव्हरीपासून ३० दिवसांत परतीची विनंती नोंदवावी लागते. विक्रेत्याने ‘परत घेणार नाही’ असे लिहिले असले तरी वस्तू वर्णनापेक्षा वेगळी निघाल्यास ही गॅरंटी लागू होते. पुष्कळ लोक ती पाटी वाचून तक्रारच करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पेपॅल या पैसे पोहोचवणाऱ्या सेवेत पैसे दिल्यापासून १८० दिवसांत वाद नोंदवता येतो. मात्र नोंदवल्यावर २० दिवसांच्या आत त्याचे क्लेममध्ये, म्हणजे पेपॅलने निकाल द्यावा या मागणीत, रूपांतर केले नाही, तर तो आपोआप बंद होतो. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याकडे गेलेली रक्कम परत, मागता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा बहुतेक तक्रारींसाठी साधारण १२० दिवस धरलेले असतात, पण तुमची बँक याहून कमी मुदत सांगू शकते. तिला आधीच विचारून ठेवा.

एकाच वेळी दोन दारे ठोठावू नका. पेपॅलवर वाद चालू असताना बँकेकडे चार्जबॅक मागितला की पेपॅल आपल्याकडचे प्रकरण बंद करते. आधी साइट, मग पैसे देणारी सेवा, शेवटी बँक हा क्रम मला सोयीचा वाटतो. पुढची मुदत हातातून निसटत असेल तरच तो मोडावा.

या तिन्ही ठिकाणी न मिळणाऱ्या गोष्टीही आताच हिशेबात धरा. मेकॅनिकची मजुरी, वाया गेलेले ऑइल आणि कूलंट, गाडी उभी राहिली म्हणून झालेला खर्च, सदोष पार्टमुळे दुसऱ्या पार्टचे झालेले नुकसान, यातले काहीच परत येत नाही. फार तर वस्तूची किंमत आणि पाठवणीचा खर्च मिळतो. त्यामुळे ज्या पार्टच्या किमतीपेक्षा तो बसवण्याची मजुरी जास्त आहे, तिथे संरक्षण मुळातच अपुरे आहे. क्लच बदलायला पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढे काम करून आत जुना क्लच घालण्यात मला शहाणपण दिसत नाही.

पायरी २: काही वस्तू जुन्या घेऊच नका

एअरबॅग जुनी घेऊ नये. ताकाता कंपनीच्या एअरबॅगांमधले अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षे बिघडत गेले. त्यामुळे इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारा डबा, फुटून धातूचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले, आणि जगभरातून कोट्यवधी इन्फ्लेटर परत मागवावे लागले. त्यातली एखादी एअरबॅग भंगारातल्या गाडीतून निघून तुमच्यापर्यंत येणार नाही याची खात्री विक्रेत्याचा फोटो देऊ शकत नाही. एअरबॅग चालते की नाही हे उडवल्याशिवाय कळत नाही, आणि ती उडते एकदाच. म्हणजे क्लेमसाठी पुरावा मिळणारच नाही. सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचेही (अपघातात पट्टा झटक्यात ताणणारा भाग) तेच आहे.

टायमिंग बेल्ट, ब्रेकचे पॅड आणि होस, वॉटर पंप हे झिजणारे आणि ऐनवेळी दगा देणारे पार्ट आहेत. ते नवेच बरे. टायर घ्यायचाच असेल तर बाजूवर ‘DOT’ पासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे पाहा. ३५१९ असेल तर टायर २०१९ च्या ३५व्या आठवड्यातला आहे. त्या आकड्यांचा फोटो विक्रेता देत नसेल तर पुढे जा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग, याबाबत अडचण निराळी आहे. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते, म्हणून तो गाड्यांखालून कापून चोरला जातो. पाइप करवतीने वेडावाकडा कापलेला दिसला तर तो सौदा सोडा. चोरीचा माल जप्त झाला तर वस्तूही जाते आणि मागे चौकशीही लागते.

पायरी ३: पार्टची ओळख पक्की करा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. ‘पार्ट खराब आहे’ अशा वाटणाऱ्या किती तरी तक्रारी प्रत्यक्षात ‘पार्ट चांगला आहे, पण माझ्या गाडीचा नाही’ अशा असतात. संरक्षणाच्या नियमांत या दोहोंत मोठा फरक आहे. विक्रेत्याने लिस्टिंगमध्ये (साइटवरच्या विक्रीच्या जाहिरातीत) तुमच्या मॉडेलचे आणि वर्षाचे नाव ‘बसतो’ म्हणून दिले असेल आणि पार्ट बसला नाही, तर चूक त्याची. परतीचा खर्च त्याने सोसायचा. त्याने फक्त पार्ट नंबर दिला असेल आणि तो तुमच्या गाडीचा नसेल, तर चूक तुमची. मग परत घ्यायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर असते, आणि घेतलाच तर खर्च तुमच्या खिशातून जातो.

सुरुवात गाडीच्या चॅसिस नंबरापासून करा. १९८१ पासूनच्या बहुतेक गाड्यांवर तो १७ अक्षरी असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. म्हणून उतरवताना कुठे ‘ओ’ लिहिला गेला असेल तर तो शून्यच आहे. या नंबरावरून कंपनीच्या डीलरकडून किंवा पार्ट कॅटलॉगमधून नेमका पार्ट नंबर काढा. मग आपल्या गाडीतला जुना पार्ट काढून त्याच्यावरचा नंबर ताडून पाहा. दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर आधीच्या मालकाने कधी तरी दुसरा पार्ट बसवला असेल, किंवा कंपनीनेच जुना नंबर बंद करून नवा दिला असेल. कोणते खरे आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंबरच्या शेवटी असलेले एखादे अक्षरही सोडू नका. कनेक्टरमधल्या पिनांची संख्या त्या एका अक्षरावर बदललेली मी पाहिली आहे.

काही पार्टांची फसगत ठरलेली आहे, ती सांगतो.

चाकाच्या रिमला बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास पाहतात. ५×११२ आणि ५×११४.३ यांत फक्त २.३ मिलिमीटरचा फरक आहे. डोळ्याला तो दिसत नाही, बोल्ट जोर लावून जातोही, आणि पुढे रस्त्यावर ढिला होतो. याखेरीज ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती टेकते त्या पृष्ठभागाचे अंतर) आणि मधल्या भोकाचा व्यास जुळावा लागतो. हे सर्व आकडे लिस्टिंगमध्ये लिहिलेले असतील तरच रिम घ्या.

हेडलाइट उजव्या आणि डाव्या वाहतुकीसाठी वेगळा असतो, कारण डिपरचा झोत रस्त्याच्या कडेकडे उचललेला असतो. दुसऱ्या देशातून मागवलेला हेडलाइट तंतोतंत बसेल, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत टाकेल. लिस्टिंगमध्ये गाडी कोणत्या बाजूच्या स्टिअरिंगची होती हे लिहिले नसेल तर विचारा.

इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, हा सर्वात नाजूक सौदा आहे. तो बहुतेक गाड्यांत इमोबिलायझरशी, म्हणजे किल्लीतल्या चिपशी बांधलेला असतो. दुसऱ्या गाडीचा पूर्ण चांगला ईसीयू लावला तरी गाडी सुरू होणार नाही, कारण तो तुमची किल्ली ओळखत नाही. मग तुम्ही ‘चालत नाही’ म्हणून क्लेम कराल, विक्रेता ‘कोडिंग करून घ्या’, म्हणजे तो तुमच्या गाडीशी जुळवून घ्या, म्हणेल, आणि त्याचेच खरे ठरेल. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असे दोन्ही नंबर जुळवा, आणि कोडिंग कोण करून देणार हे ठरल्यावरच ऑर्डर द्या. एबीएसचे मॉड्यूल, मीटर क्लस्टर आणि काही म्युझिक सिस्टिमनाही हे लागू आहे. डिझेलच्या बऱ्याच इंजेक्टरांवर प्रत्येक नगाचा स्वतंत्र कोड छापलेला असतो आणि तो ईसीयूत भरावा लागतो. कोड पुसला गेला असेल तर इंजेक्टर चांगला असूनही इंजिन खडखडेल.

चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर सारखे लागते. एकच बदलताना टॅगवरचा आकडा पाहिला नाही, तर ट्रान्सफर केसचे, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या भागाचे, गिअर संपतात. हे नुकसान कोणीही भरून देत नाही.

पायरी ४: लिस्टिंग वकिलाच्या नजरेने वाचा, मग प्रश्न विचारा

‘टेस्टेड’ म्हणजे काय? बेंचवर, म्हणजे गाडीबाहेर यंत्राला जोडून तपासला, गाडी चालवून पाहिली, की नुसते फिरवून बघितले? ‘काढताना चालू होता’ हे वाक्य ‘आता चालू आहे’ याच्या जवळ जाते, पण तितके पक्के नाही. ‘अनटेस्टेड’ लिहिलेला पार्ट चालला नाही तर तुमची तक्रार उभीच राहत नाही, कारण तो चालेल असे कोणी म्हटलेच नव्हते. ‘सुट्या भागांसाठी’ किंवा ‘नादुरुस्त’ या गटात टाकलेला पार्ट घेताना तो बंद आहे असे धरूनच किंमत ठरवा. फोटोबाबत एकच नियम पाळा. त्याच नगाचा, लेबल वाचता येईल असा फोटो नसेल तर घेऊ नका. कंपनीच्या कॅटलॉगमधला चकचकीत फोटो वर्णनात धरायचा की नाही यावर नंतर वाद होतो.

मग साइटच्या मेसेजमधूनच लिहा. फोनवर बोलणे झाले असेल तरी त्याचा गोषवारा मेसेजमध्ये टाका आणि ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारून होकार घ्या. मी साधारण असे लिहितो:

‘नमस्कार. माझ्या जुन्या पार्टवरचा नंबर आणि लेबलचा फोटो सोबत देत आहे. तुमच्या पार्टच्या लेबलचा आणि कनेक्टरचा जवळून फोटो पाठवाल का? शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवा. पार्ट काढण्याआधी चालू होता का आणि ते कसे तपासले? मूळ गाडी किती किलोमीटर चालली होती आणि ती का मोडली, अपघात की पुराचे पाणी? पार्ट चालला नाही तर किती दिवसांत परत घ्याल आणि परतीचे भाडे कोणाकडे?’

पुराचा प्रश्न मी कधी गाळत नाही. पाण्यात बुडालेल्या गाडीतले इलेक्ट्रिकल पार्ट आधी चालतात आणि काही महिन्यांनी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढून बंद पडतात. तोवर कोणतीच मुदत उरलेली नसते. जो विक्रेता या सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरे देतो, त्याच्याकडे थोडे जास्त पैसे मोजायला माझी हरकत नसते. जो ‘फोटोत दिसतंय तेवढंच’ म्हणतो, त्याला मी धन्यवाद देऊन सोडतो.

विक्रेत्याची स्वतःची वॉरंटी असेल तर तीही वाचा. ‘९० दिवस वॉरंटी’ याचा अर्थ पुष्कळदा ‘बदली पार्ट देऊ, पैसे नाही’ असा असतो. सीलबंद नटबोल्टवरचा रंगाचा ठिपका किंवा स्टिकर तुटला तर वॉरंटी संपते, अशीही अट असते. काही ठिकाणी कोअर चार्ज लावतात, म्हणजे तुमचा जुना पार्ट परत पाठवेपर्यंत जास्तीचे पैसे अडकवून ठेवतात. त्याची मुदत आणि पाठवणीचा खर्च विचारून घ्या.

पायरी ५: मेकॅनिकची तारीख आधी, ऑर्डर नंतर

ही पायरी छोटी आहे, पण माझे पैसे ही न पाळल्यामुळेच गेले. पार्ट पोहोचल्यापासून १० दिवसांच्या आत तो गाडीत बसेल असे मेकॅनिककडून ठरवून घ्या, आणि मगच ऑर्डर द्या. ‘बघू, पुढच्या महिन्यात’ असे उत्तर आले तर ऑर्डरही पुढच्या महिन्यात. पार्ट स्वस्तात मिळतोय म्हणून आत्ताच घेऊन ठेवावा असे वाटते, पण त्या घडीला तुम्ही संरक्षण सोडून देत असता.

पायरी ६: पैसे कुठून द्यायचे

ज्या मार्गाने पैसे परत मागता येतात, त्याच मार्गाने द्या. पेपॅलमध्ये ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पाठवलेल्या रकमेला खरेदीचे संरक्षण नसते. विक्रेता ‘फी वाचते, तेवढी किंमत कमी करतो’ म्हणाला तरी ऐकू नका. ती फी म्हणजे तुमच्या दाद मागण्याच्या हक्काची किंमत आहे. साइटवर ओळख होऊन बाहेर सौदा करण्याचा आग्रह, अनोळखी ‘एस्क्रो’ (सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या) कंपनीची लिंक, पूर्ण रक्कम थेट बँक खात्यात आगाऊ मागणे, यांपैकी एक जरी दिसले तरी थांबा.

स्वतः जाऊन पार्ट आणणार असाल तर पेपॅलचे ‘वस्तू मिळाली नाही’ हे संरक्षण लागू होत नाही, कारण पोहोचवल्याचा ट्रॅकिंगचा पुरावाच नसतो. तिथे आगाऊ पैसे न देता पार्ट हातात घेऊन, नंबर पाहून पैसे द्या.

जड मालाचा हिशेब वेगळा करा. पूर्ण इंजिन १०० ते २०० किलोपर्यंत सहज जाते, त्यामुळे ते पॅलेटवर बांधून मालवाहतुकीने येते. ते परत पाठवायची वेळ आली तर भाड्याने पार्टच्या किमतीचा मोठा हिस्सा खाल्लेला असतो. त्याचा भार कोणी उचलायचा हे लेखी नसेल तर क्लेम जिंकूनही फारसे हाती लागत नाही. परदेशातून मागवले असेल तर भरलेली कस्टम ड्युटी विक्रेता परत देत नाही. ती मिळाली तर आपल्या देशाच्या कस्टम खात्याकडे अर्ज करूनच.

पायरी ७: खोका आल्यावरची पहिली पंधरा मिनिटे

मालवाहतुकीने आलेल्या पॅलेटच्या पावतीवर सही करण्याआधी सर्व बाजूंनी पाहा. खोका चेपलेला असेल, तेल गळले असेल, पट्टी तुटली असेल तर नेमके तेच पावतीवर लिहा आणि ड्रायव्हरसमोर फोटो काढा. ‘तपासणीच्या अधीन’ असे मोघम लिहून फारसे भागत नाही. सही झाली की माल ठीक होता असे मानले जाते.

खोका उघडतानाचा व्हिडिओ एका दमात घ्या, मध्ये कापू नका. पत्त्याचे लेबल, सील, उघडणे, पार्ट, पार्टवरचा नंबर, सर्व बाजू. मग आपला जुना पार्ट शेजारी ठेवून कनेक्टर, बोल्टांची भोके, पाइपांची तोंडे एकेक करून जुळवा. जुना पार्ट आधीच भंगारात दिला असेल तर ही सोपी परीक्षा हातची जाते. म्हणून नवा पार्ट चालेपर्यंत जुना टाकू नका.

गाडीत न बसवता होणाऱ्या परीक्षा पुष्कळ आहेत. टर्बोचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवा. आडवा थोडासा ढिलेपणा ऑइल नसताना असतोच, पण पुढे-मागे सरकता कामा नये आणि पाती घराला घासता कामा नयेत. हेडलाइटचे कान, म्हणजे तो बोल्टने अडकवायच्या पट्ट्या, मोजा. तुटलेला कान चिकटवून आत ढकललेला असतो. गिअरबॉक्समध्ये उरलेले ऑइल पांढऱ्या कापडावर घेऊन चकाकते कण पाहा. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजून ताडा. इंजिनाची क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरते का पाहा, आणि शक्य असेल तर बसवण्याआधी मेकॅनिककडून बोरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) सिलिंडर बघून घ्या. ऑल्टरनेटर बेंचवर तपासून मिळतो. साध्या चार्जिंगच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत.

या टप्प्यावर काही खटकले तर पार्ट बसवू नका. रंग लावला, वायर कापली, भोक मोठे केले की तो ‘बदललेला’ पार्ट ठरतो आणि परतीचा मार्ग बंद होतो. बसवायचे ठरलेच तर आधी पार्टवर एका आडबाजूला रंगाच्या पेनाने छोटी खूण करून तिचा फोटो ठेवा. ‘तुम्ही तुमचाच जुना पार्ट परत पाठवला’ असा आरोप झाला तर ही खूण आणि व्हिडिओ उपयोगी पडतात. खूण करताना विक्रेत्याच्या खुणेला हात लावू नका.

पायरी ८: तक्रार कशी लिहायची

साइटवर प्रकरण पाहणारा माणूस मेकॅनिक नसतो. त्याला तुमचा मनस्ताप समजला तरी त्यावर निर्णय देता येत नाही. त्याच्यापुढे लिस्टिंगचे वाक्य आणि प्रत्यक्ष वस्तू एकाखाली एक ठेवा. ‘लिस्टिंगमध्ये: टेस्टेड, चालू. प्रत्यक्षात: बेंचवर ० अँपिअर, अहवाल जोडला आहे.’ एवढे पुरे. मेकॅनिककडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या. गाडीचा नंबर, तारीख, पार्टवरचा नंबर, काय तपासले, काय निघाले. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढलेला असला पाहिजे, कारण वर्णन नंतर बदलले जाऊ शकते.

विक्रेत्याला आधी सभ्यपणे लिहा, पण साइटच्या रीतसर विनंतीच्या बटणातून. नुसत्या मेसेजने मुदत थांबत नाही. तो म्हणेल, ‘केस बंद करा, मी उद्या पैसे पाठवतो.’ केस बंद करू नका. पेपॅलमध्ये एकदा बंद केलेला वाद पुन्हा उघडता येत नाही. तो म्हणेल, ‘दुसरा पार्ट पाठवतो, तीन आठवडे थांबा.’ थांबायला हरकत नाही, पण केस उघडी ठेवून आणि मुदतीची शेवटची तारीख डोळ्यांसमोर ठेवून. अर्धे पैसे घेऊन मिटवायचे असेल तर आधी विचार करा. दोष किरकोळ आहे आणि पार्ट चालतो आहे, अशा वेळी मी ते स्वीकारतो. बंद पार्टसाठी कधीच नाही.

वस्तू आलीच नाही पण ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसते, असेही होते. त्यात एक जुनी लबाडी आहे. त्याच शहरात दुसऱ्याच पत्त्यावर हलके पाकीट पाठवायचे आणि तो ट्रॅकिंग नंबर तुमच्या ऑर्डरला जोडायचा. कुरिअर कंपनीकडे पार्सलचे वजन आणि डिलिव्हरीच्या पत्त्याचा दाखला मागा. गिअरबॉक्सचे वजन २०० ग्रॅम असू शकत नाही, आणि ही एक ओळ प्रकरण पाहणाऱ्याला लगेच पटते.

परत पाठवायचे ठरले की मूळ पॅकिंगमध्ये, उरलेले ऑइल पूर्ण काढून, भोकांना टोप्या लावून पाठवा. गळक्या पार्सलला कुरिअर मध्येच अडवते. पॅक करतानाचाही सलग व्हिडिओ घ्या, वजनकाट्यावरचा आकडा त्यात येऊ द्या, आणि साइटने दिलेल्या पत्त्यावरच पाठवा. विक्रेत्याने मेसेजमध्ये दिलेला दुसरा पत्ता वापरलात तर परत पोहोचवल्याचा पुरावा तुमच्याकडे राहणार नाही. ट्रॅकिंग नंबर केसमध्ये भरा, पावती जपून ठेवा आणि पैसे खात्यात प्रत्यक्ष जमा झालेले दिसेपर्यंत व्हिडिओ फोनमधून काढू नका.